स्तान्चूचा रांजण

माझ्या भावाला, त्राइलोला, स्तान्चूचा रांजण काढायचा होता आणि मला त्राइलोला जिवंत घरी आणायचं होतं. ऑगस्टमधल्या एका कोरड्या सोमवारी आम्ही पेक नदीच्या काठाने निघालो, ते असे दोन वेगळे हेतू घेऊन. तिसरा गडी बार्बू, वरच्या कुरणांवरचा मेंढपाळ. त्याला ना सोनं हवं होतं ना माझा भाऊ. वर्षातले आठ महिने मेंढ्यांशी बोलून कंटाळलेल्या त्या म्हाताऱ्याला ऐकणारी माणसं हवी होती.

स्तान्चू म्हणजे तुर्कांची खेचरं लुटणारा हायदूक, डोंगरातला दरोडेखोर. होमोल्येच्या डोंगरात त्याने काहीच पुरलं नाही असा एक ओढा दाखवा आणि बक्षीस मिळवा. इतकं पुरणाऱ्याला लुटायला वेळ कधी मिळाला कोण जाणे. आमच्या घरात मात्र एकच जागा खरी मानायचे. काळ्या घळीत कोरड्या धबधब्याखाली एक रांजणखळगा आहे, पाण्याने आणि गोट्यांनी खडकात कोरलेला, विहिरीसारखा. त्याच्या तळाशी मोहरांनी भरलेला हंडा ठेवून स्तान्चूने वरून दगड लोटले, अशी कथा. आमच्या बाबांनी त्या खड्ड्यापायी एकवीस उन्हाळे घालवले. दर वेळी हात हलवत यायचे, चुलीपाशी बूट काढायचे आणि म्हणायचे, "अजून थोडं राहिलंय." तसेच एक दिवस गेले.

त्राइलो बासष्ट वर्षांचा. पंचवीस वर्षं त्याने खाणीत दगड फोडला आणि त्यातली निम्मी धूळ छातीत साठवून घरी बसला. बायको व्हिएन्नाला कामाला गेली ती तिकडचीच झाली. मला मूलबाळ नाही, नवरा देवाघरी. या जगात माझं म्हणावं असं हे एकच खोकणारं माणूस उरलं होतं, आणि आता त्याने रांजणाचं नाव काढलं.

"डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून बजावलंय ना, दादा?"

"जिना म्हणाले. डोंगराबद्दल अवाक्षर काढलं नाही त्यांनी."

"मरशील तिकडे."

"इथे खिडकीत बसून काय अमरपट्टा मिळणार आहे? तू येणार नसशील तर नको येऊस, पेर्से. मी बार्बूला सांगितलंय."

मग जाणं भागच होतं.

सोन्याच्या बाबतीत मला कुणी शिकवायला नको. मी रविवारची सोनं धुणारी बाई. कामाच्या दिवशी शाळेत स्वयंपाक करते आणि रविवारी लाकडी परात घेऊन पेकच्या पाण्यात उभी राहते. बेलग्रेडहून मंडळी येतात, हिरव्या प्लास्टिकच्या पराती घेऊन. त्यांना मी परात कशी फिरवायची, हलकी वाळू कशी सांडू द्यायची आणि शेवटी उरलेल्या काळ्या वाळूत पिवळा कण कसा ओळखायचा ते दाखवते. कुणाला अभ्रकाची चकाकी दिसली की ते नाचायलाच लागतात. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. तीस वर्षांत माझ्या बाटलीत साठलंय ते एका दाताला टोपी घालायला पुरेल इतकं. पण नदी वाचायला मी शिकले. सोनं वरून खाली येतं. ज्या ओढ्याच्या पोटात सोनं असेल त्याच्या तोंडाशी परातीत कण दिसतात. नसेल तर नाही.

म्हणून वाटेत प्रत्येक थांब्यावर मी परात धुतली. काळी घळ पेकला मिळते त्या जागेच्या खाली नऊ कण मिळाले. घळीत शिरून दोन तास चालल्यावर एक मिळाला. त्यानंतरच्या तीन थांब्यांवर एकही नाही.

"दादा, हे बघ," मी परात त्याच्या नाकाखाली धरली. "काळी वाळूसुद्धा नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

त्राइलो दगडावर बसून धाप टाकत होता. ओठ निळे झालेले. तरी हसला. "अगं वेडे, हे तर चांगलंच झालं. हंडा फुटला असता तर कण वाहत खाली आले असते. आले नाहीत, म्हणजे झाकण शाबूत आहे."

"बघा," बार्बू म्हणाला, "शिकलेला माणूस कसा बोलतो! माझ्या मेंढ्यांना एवढी अक्कल असती तर मी आत्तापर्यंत मंत्री झालो असतो."

मी परात पाठीला बांधली आणि चालू लागले.

घळ पहिल्या दिवशी दयाळू होती. दोन्ही बाजूंना बीचची जुनी झाडं, तळाशी थंड सावली, दगडांवर वाळलेलं शेवाळ आणि मधूनच एखाद्या डबक्यात अडकून पडलेले मासे. त्या उन्हाळ्यात साठ दिवस पाऊस नव्हता, म्हणून तर त्राइलोने ही वेळ साधली होती. ओढा आटल्याखेरीज रांजण उघडा पडत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र झाडं संपली आणि नुसता खडक सुरू झाला. भिंती इतक्या जवळ आल्या की दोन हात पसरले तर दोन्हीकडे टेकावेत. मग पायऱ्यांसारखे कडे लागले. बार्बू पुढे चढायचा, दोर सोडायचा. मी खालून त्राइलोला ढकलायची. पाच पावलं, खोकला. पाच पावलं, खोकला. खोकल्याचा आवाज भिंतींवर आपटून परत यायचा आणि वाटायचं, वर आणखी कुणीतरी आजारी बसलंय.

तिसऱ्या कड्यावर त्राइलोचा पाय सुटला. दोर ताणला गेला! बार्बू गुडघ्यावर आला! मी खांद्याने भावाला वर रेटलं तेव्हा माझ्या पाठीवरची शिदोरीची पिशवी दगडाला घासून फाटली आणि मक्याच्या भाकऱ्या, चीज, खारवलेलं डुकराचं मांस, सगळं गडगडत खालच्या कपारीत गेलं. त्या कपारीत हात घालायची कुणाची छाती झाली नाही, कारण तोंडाशीच शिंगाळ नाकाचा साप वेटोळं घालून पडला होता. उरल्या बार्बूच्या खिशातल्या दोन भाकऱ्या, कांदे आणि राकीची, फळांच्या दारूची, बाटली.

"परत फिरू या," मी म्हणाले. "दादा, तुझ्या पाया पडते."

"फीर की. तुला कुणी अडवलंय?" तो म्हणाला आणि पुढचा दोर धरला.

बुधवारी दुपारी आम्ही रांजणापाशी पोहोचलो. धबधबा कोरडा ठणठणीत. त्याच्या पायथ्याशी बैलगाडीच्या चाकाएवढं गोल तोंड, काठोकाठ गोट्यांनी भरलेलं. त्राइलोने गुडघे टेकून त्या गोट्यांवर तळहात ठेवला. इतक्या वर्षांत मी त्याला असं हळुवारपणे कशाला हात लावताना पाहिलं नव्हतं. मला त्याचा राग आला आणि दयाही आली.

आता आमच्याकडची रीत अशी. पुरलेल्या धनावर राखणदार असतो. संध्याकाळी जागेवर चुलीतली राख चाळून पसरायची आणि दूर जाऊन निजायचं. सकाळी राखेवर ज्याचं पाऊल उमटलेलं असेल त्याचा बळी राखणदाराला हवा. कोंबड्याचं पाऊल, कोंबडा द्या. बकऱ्याचं, बकरा द्या. माणसाचं उमटलं तर शहाण्याने सामान आवरून घर गाठावं. त्राइलोने घरच्या चुलीतली राख डब्यात भरून आणली होती. भाकरी पडली, राख शाबूत राहिली!

सकाळी आम्ही तिघं वाकून पाहू लागलो. राखेवर काहीही नव्हतं. उंदराचं नाही, किड्याचं नाही. पसरली तशी होती.

बार्बूने डोकं खाजवलं. "असं कधी ऐकलं नाही बुवा."

"त्याला काही नकोय," त्राइलो म्हणाला. "आपल्यालाच द्यायचं ठरवलंय त्याने."

"किंवा राखण्यासारखंच काही नाही," मी म्हणाले.

"पेर्से, आत्ता बोलून घे काय बोलायचं ते. फावडं लागलं की तोंड बंद."

ही दुसरी रीत, आणि सगळ्यात कडक. जमिनीला फावडं लागल्यापासून हंडा वर येईपर्यंत माणसाच्या तोंडून शब्द निघता कामा नये. एक शब्द, आणि धन हातचं जातं. बाबांनी लहानपणी आम्हाला हे इतक्यांदा सांगितलं होतं की स्वप्नातही आम्ही खोदताना गप्प असायचो. बार्बूला ही शिक्षाच होती. त्याने रुमाल काढून तोंडावर बांधला, गाठ मला मारायला लावली आणि रुमालामागून एक लांब उसासा सोडला.

मग खणायला सुरुवात झाली. दोन दिवस! त्राइलो आत, बार्बू दोराने बादली ओढायला, मी गोटे वाहून टाकायला. बादलीचा खणखणाट, दगडांचा आवाज आणि त्राइलोचा खोकला, एवढंच त्या घळीत ऐकू येत होतं. अर्धी भाकरी आणि कांदा, तेही मुक्याने. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्राइलो छातीच्या वर खोल गेला आणि त्याच्या तोंडातून रक्ताची गुळणी आली. त्याने हाताच्या पाठीने ती पुसली आणि पुन्हा खणू लागला. मी त्याचा दंड धरून त्याला वर खेचलं आणि स्वतः उतरले.

शनिवारी सकाळी आकाश मळकट दिसत होतं. घळीच्या तळातून आकाशाची नुसती एक पट्टी दिसते, तिच्यावरून काही कळत नाही. मी खुणेने बार्बूला वरच्या कड्यावर पाठवलं. पाऊस दिसला तर खाली ये, असं बोटांनी समजावलं. त्याने मान हलवली.

मी आत खणत होते. हात उंच केले तरी बोटं काठाला लागणार नाहीत, इतकी खोल गेले होते. वर त्राइलो बादली ओढायचा, अर्धी, कधी पाव. मग गोटे संपले. वाळू आली. वाळूखाली हात गेला तो थेट खडकाला. गुळगुळीत, थंड, वाटीसारखा गोल तळ. मी दोन्ही हातांनी वाळू बाजूला केली, कडेकडेने बोटं फिरवली. हंडा नव्हता. झाकण नव्हतं. एका चिरेत काहीतरी लोखंडी अडकलं होतं, ते उपसलं.

खुरपं होतं. आईच्या फुटक्या तव्याचा तुकडा लाकडात ठोकून बाबांनी केलेलं, मुठीला तांब्याची तार गुंडाळलेलं. त्या तव्यावर मी लहानपणी हात भाजून घेतला होता. माझी चूक होणं शक्य नव्हतं.

बाबा इथपर्यंत आले होते. या तळावर बसून त्यांनी हाच खडक चाचपला होता. नंतरच्या पुरांनी खड्डा पुन्हा दगडांनी भरला, आणि ते घरी येऊन आम्हाला सांगत राहिले की अजून थोडं राहिलंय. किती वर्षं? मला रडू आलं नाही. मला त्यांचा कधी आला नव्हता इतका राग आला. ते खुरपं मी चिरेत होतं तिथेच परत खुपसलं आणि वर वाळू लोटली.

तेवढ्यात माझ्या मानेवर पाणी पडलं.

वर पाहिलं. रांजणाच्या काठावरून एक बारीक तपकिरी धार आत येत होती, बीचची पानं घेऊन. मी दोर धरला आणि चढले. त्राइलो काठावर उभा. मी घळीच्या वरच्या बाजूला बोट दाखवलं, दोन्ही हातांनी "चल" केलं. त्याने मान हलवली आणि खाली बोट दाखवलं. खडक लागला का, असं खुणेने विचारलं. मी काय सांगणार? नुसती बघत राहिले. माझ्या चेहऱ्यावर त्याने काय वाचलं देव जाणे, पण त्याचे डोळे चमकले. बादली गळ्यात अडकवली आणि दोराला लटकत तो आत उतरला. पाणी उपसून खणायचं, असा त्याचा बेत!

बार्बू तेव्हा उड्या मारत कडा उतरत होता. ढग फुटलेला त्याने अर्ध्या तासापूर्वीच पाहिला होता. अर्धा तास! हाक मारली असती तर तेव्हाच ऐकू आली असती. पण तोंडावर रुमाल होता आणि डोक्यात रीत. मी नंतर विचारलं, शिट्टी तरी वाजवायचीस, तर म्हणाला, "शिट्टी शब्दात धरतात की नाही, ते मला ठाऊक नव्हतं."

धार मनगटाएवढी झाली. मग मांडीएवढी. घळीच्या वळणामागून एक घरघर ऐकू येऊ लागली. आत त्राइलो कमरेपर्यंत पाण्यात, वाकून तळ चाचपत होता. मी दोर हलवला. त्याने वर पाहिलंच नाही. मी खडा मारला. त्याने खांदा झटकला.

मला ठाऊक होतं, खरं सांगून तो येणार नाही. तळ रिकामा आहे म्हटलं असतं तर म्हणाला असता, बाजूला असेल. बाबांचं खुरपं आहे म्हटलं असतं तर ते शोधत बसला असता. त्याला तिथून उठवायचं तर तिथे मिळण्यासारखं काही उरता कामा नये. ते एकाच गोष्टीने होणार होतं.

मी ओरडले.

"दादा, वर ये!"

तो सावकाश सरळ झाला. वर पाहिलं. आपल्या माणसाने आपल्यालाच सुरी मारावी तसा त्याचा चेहरा झाला. गळ्यातली बादली त्याने काढली आणि पाण्यात सोडून दिली. हात खाली लोंबले. आता तिथे त्याचं काही काम नव्हतं.

बार्बू पोहोचला. दोर त्याने आपल्या कमरेला वेढला. मी काठावर पालथी पडून त्राइलोची कॉलर धरली, मग दोराचं दुसरं टोक त्याच्या काखांखालून घेतलं. ओढ! तो मदत करत नव्हता, अडवतही नव्हता. ओढ, बार्बूकाका! तो काठावर आला आणि वळणाआडून पाणी आलं. तपकिरी, भिंतीएवढं, ओंडके पुढे घालून! आम्ही धबधब्याशेजारच्या कपारीवर चढलो, हाताला लागेल ते धरत. गुडघ्याखालून पाणी गेलं. रांजण दिसेनासा झाला. तंबू, परात, राखेचा डबा, सगळं गेलं. मी काहीबाही ओरडत होते, पण त्या गर्जनेत मला माझाही आवाज येत नव्हता.

कपारीवर आम्ही रविवारच्या दुपारपर्यंत होतो. थंडी, भूक आणि त्राइलोची छाती, जुन्या भात्यासारखी वाजणारी. बार्बू रुमाल सोडून बोलत सुटला, मेंढ्यांबद्दल, सुनेबद्दल, गेल्या युद्धाबद्दल. पहिल्यांदाच मला त्याचं बोलणं गोड लागलं. पाणी ओसरल्यावर त्याने त्राइलोला पाठुंगळी घेतलं. कडे उतरायला दोन दिवस लागले. राकी संपली, मग रानातली बारकी आंबट सफरचंदं खाल्ली. दोनदा माझा भाऊ वाटेत इतका गार पडला की मी त्याच्या नाकापुढे हात धरून पाहिला. श्वास होता. मंगळवारी संध्याकाळी आम्ही गावात आलो. मी म्हटल्याप्रमाणे त्याला जिवंत आणलं होतं.

पण कशाला आणलं, असं त्या हिवाळ्यात मला पुष्कळदा वाटलं. तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. भिंतीकडे तोंड करून पडायचा. मी घट्ट मक्याचं पीठ शिजवून द्यायची, तो दोन घास खाऊन ताटली सरकवायचा. गावात बातमी पसरलीच होती. बाजारात बायका मला पाहून ओठांवर बोट ठेवायच्या आणि हसायच्या. स्तान्चूचं सोनं घालवणारी पेर्सा! बाबांच्या श्राद्धाच्या जेवणात त्राइलोने मेणबत्ती लावली, भाकरी उचलली आणि सगळ्यांदेखत मेलेल्या बापाला सांगितलं, "बाबा, आपलं धन हिच्या तोंडाने गेलं." पाहुणे ताटात बघू लागले. खरं काय ते दहा वेळा माझ्या जिभेच्या टोकावर आलं. खुरप्याची मूठ, तांब्याची तार, तव्याचा तुकडा. मी सूप वाढत राहिले. माझ्यावरचा राग त्याला सोसत होता. रिकामा तळ त्याला सोसला नसता.

फेब्रुवारीत डॉक्टर येऊन गेले. दाराबाहेर मला म्हणाले, झाडांना पालवी फुटेपर्यंत राहिला तर नशीब समजा. मी आत आले. त्राइलो उशाला टेकून बसला होता आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे बघत होता.

"त्या दिवशी तू किती शब्द बोललीस?"

"तीन," मी म्हणाले.

"नक्की? नंतर काही नाही ना?"

"नंतर काही नाही."

"बाबा म्हणायचे, एका शब्दाला हंडा एक पुरुष, माणसाच्या उंचीएवढा, खाली जातो." तो बोटं मोजत होता. "तीन शब्द. तीन पुरुष. नशीब, तेवढ्यावर थांबलीस. तू कधी थांबत नाहीस."

"हो ना."

"तीन पुरुष म्हणजे काही फार नाही, पेर्से."

माझ्या बोटांना अजून तो खडक आठवत होता, गुळगुळीत आणि थंड.

"फार नाही," मी म्हणाले. "खाली माती मऊच लागली मला."

त्याने डोळे मिटले आणि मान हलवली. "मग ऑगस्टमध्ये. दोरी मात्र लांब लागेल."

"आणते."

त्या दिवशी त्याने ताटली पुसून खाल्ली. दुसऱ्या दिवशी मी कुचेवोच्या बाजारातून साठ हात नवी दोरी आणली आणि पलंगावरून त्याला दिसेल अशी खिडकीशेजारच्या खिळ्याला टांगली.